कावळा लगेच शिवला

दहाव्याला तारामुंबरीच्या पुळणीवर
भात ठेवून आम्ही मागे सरलो
आणि कावळा लगेच शिवला.
भटजींनी घड्याळ पाहिलं, बरं वाटलं असावं त्यांना.
काका म्हणाले, सुटला.
कुणीतरी म्हणालं, बघा, कशात अडकला नव्हता जीव.

आई हट्टाने आली होती. ती एकटीच भडकली.
"काय्येक नको होता त्याका?
हयली एक पण वस्तू नको होती?"
आणि मूठभर वाळू फेकली कावळ्यावर.

चौदाव्या दिवशी मी ड्युटीवर गेले.
देवगड–मिठबाव, सकाळची सहा वीस.
तिकीट घेता घेता बायका माझ्या तोंडाकडे बघतात,
सुट्ट्या पैशांसोबत हळूच विचारतात,
"भाव मां तुझो? असो कसो गो एकाएकी?"
मी म्हणते, पुढे सरका.
दिवसातून पन्नासदा म्हणते पुढे सरका, पुढे सरका,
आणि स्वतः त्याच दांड्याला टेकून उभी असते.

आमच्या घरात तो तीनदा गेलाय.
आईच्या माहेरी छातीत कळ येऊन.
बंदरावर, पपांच्या तोंडी, नुसताच "गेलो".
बँकेच्या फॉर्मवर कारणाचा रकाना आहे,
तिथे मी लिहिते तो शब्द.
खाली कार्बन असतो म्हणून दाबून लिहावा लागतो.

आदल्या रात्री त्याने विचारलं होतं,
ताई, उद्या डब्यात काय?
मी पिवळा अंगठा पाठवला.
काय होतं डब्यात, तेही आठवत नाही आता.
सगळं आठवून झालं. त्याचा आवाज,
बर्फाच्या फॅक्टरीतून आल्यावरची थंड बोटं
माझ्या मानेवर मुद्दाम टेकवायचा ती,
परत केलेलं हेल्मेट,
फेडलेली चहावाल्याची उधारी.
या शेवटच्या दोन गोष्टी मी तेव्हा
शहाणपणा समजले होते.

नारळी पौर्णिमेआधी पपांनी होडी रंगवली.
निळी, वर लाल पट्टा.
नावापाशी ब्रश अडला.
"लौकिक प्रसाद" तेवढं सोडून सगळं नवं झालं,
आता ती अक्षरं जुन्या रंगाच्या चौकोनात आहेत,
भिंतीवरची तसबीर उतरवल्यावर राहतो तसल्या.
पपांना कुणी काही बोललं नाही.
तांडेलाने फक्त डबा उचलून झाकण लावलं.

आई दर अठ्ठावीस दिवसांनी
त्याचा मोबाईल रिचार्ज करून आणते.
दुकानातला पोरगा म्हणाला, काकी, हो नंबर…
आई म्हणाली, असांदे.

जुलेखाबी येते दुपारची, दालद्यांच्या वाडीतून,
टोपलीत तिसऱ्या घेऊन.
नऊ वर्षांपूर्वी तिची रुखसाना.
ती काही विचारत नाही, विळीवर बसते.
एकदा मीच विचारलं, कधी थांबतं?
"काय?"
"ह्या."
खूप वेळ नुसता शिंपल्यांचा आवाज.
मग म्हणाली, "माझा अजून थांबाक नाय.
पयल्या वर्षी मी तिच्यावर तोंडातल्या तोंडात रागवा.
आता मोठ्यान रागावतंय. शेजाऱ्यांका आयकाक जाता."
आणि हसली.
मलाही हसू आलं, आणि मग ते हसणं
कुठे ठेवायचं ते कळेना, म्हणून मी
पाणी आणायला आत गेले.

पण त्या रात्री परसात जाऊन
मी त्याला शिव्या दिल्या. आईवरून नाही,
आई आतच होती.
गाढवा म्हणाले, मेल्या म्हणाले,
आणि मेल्या म्हटल्यावर गप्प झाले.

आता सकाळी आई पडवीच्या कठड्यावर
बांगड्याचं डोकं ठेवते.
कावळा येतो, ती हाकलते. पुन्हा येतो, पुन्हा हाकलते.
"इतक्यात नको," म्हणते,
"वायच थांब. काय व्हया ता सांग आधी."
तो माडाच्या झापावर बसून मान वाकडी करतो.
किती वेळ चालतं ते मला माहीत नाही,
मला सहा वीसची गाडी असते.