शीग

मुहर्रकला, बंदराकडे उतरणाऱ्या गल्लीत
औषधांच्या दुकानावर आमचं क्लिनिक.
मागच्या खोलीत कपाटाएवढी काचेची पेटी.
माणूस आत उभा राहतो, हात अंगापासून जरा दूर,
अकरा सेकंद हलायचं नाही.
सोळा कॅमेरे त्याचं घनफळ काढतात,
उंचीशी ताडून बघतात,
मग पडद्यावर एक करडा माणूस उमटतो
ज्याला डोळे नसतात.

माझं काम सांगण्याचं.
अंगठी काढा. श्वास सोडा. हलू नका.
हिंदीत, मोडक्या अरबीत,
आणि कुणी खेड-मंडणगडचं निघालं तर आपल्या भाषेत.

घनफळ मी सातवीत शिकले.
उत्तर बरोबर आलं होतं, एकक लिहायचं राहिलं,
अर्धा गुण गेला.
त्याआधी घरात नुसतं माप होतं:
चिपटं, मापटं, शेर, पायली.
अब्बा भाताच्या गिरणीवर मापाडी.
पहिल्या मापाला एक म्हणायचे नाहीत,
लाभ म्हणायचे.
लाभ, दोन, तीन, चार,
आणि तळहात पायलीच्या काठावरून असा फिरायचा
की दाणा इकडचा तिकडे नाही.

सकाळच्या पहिल्या पेशंटला
मीही मनात लाभ म्हणते.
कुणाला सांगितलेलं नाही.

परवा लाभाला आला गोदीतला वेल्डर, इस्माईल हमदुले.
त्याच्यामागे त्याच कंपनीचा कॅशियर, रघुत्तम.
दोघांची उंची एकशे सत्तर.
दोघांचं वजन अठ्ठ्याहत्तर.
काट्यावर जुळे भाऊ!
पेटीतून बाहेर आले तर
वेल्डर दोन लिटरनं कमी.
तो पडद्याकडे बघत राहिला.
"म्हणजे मी कमी भरलो?"
नाही हो, म्हटलं, ठासून भरलाय तुम्ही.
स्नायू जागा कमी खातो, चरबी ऐसपैस बसते.
रघुत्तमनं शर्ट खोचता खोचता
ऐकलं नाहीसं दाखवलं.
हमदुले म्हणाला, कागद द्या,
घरी पाठवतो,
तिला वाटतं मी इथं नीट जेवत नाही.
कागदावर जेवणाचा रकाना नसतो.
तरी दिला.

दुपारी बू-फलाह आले.
वय ब्याऐंशी, मुलानं दंड धरून आणलेले.
पेटीत शिरले, ताठ उभे राहिले.
मी म्हटलं, श्वास सोडा.
ते हसले.
त्यांचा बाप मोत्यांसाठी बुडी मारायचा.
नाकाला चिमटा, पायाला धोंडा, कमरेला दोर,
वरचा माणूस दोर हातात घेऊन मोजत बसलेला.
"त्याला सगळे आयुष्यभर सांगत आले, धरून ठेव.
तू सांगतेस सोड."
मी समजावलं, बाबा, छातीतली हवा वजा करावी लागते,
ती शरीरात धरत नाहीत.
मुलानं अरबीतून पुन्हा सांगितलं.
म्हातारा जरा थांबला.
"हवा वजा केली
तर माझ्या बापाचं उरतं काय?"

आणि त्यांनी श्वास भरून घेतला,
खांदे वर, बरगड्या उघडलेल्या, डोळे मिटलेले,
अकरा सेकंद झाले, पेटीनं टिंग केलं,
तरी ते बुडालेलेच.
मुलानं काचेवर दोनदा टकटक केली
तेव्हा वर आले.

माप चुकलं. नियम असा की
श्वास भरलेला असेल तर माप पुसायचं, दुसरं घ्यायचं.
दुसरं घेतलं.
शहाण्यासारखे उभे राहिले, रिकामे,
आणि कागदावर एक साधा म्हातारा उतरला.

पहिलं मात्र पुसवलं नाही मला.
अब्बांचा तळहात कधी कधी
काठावरून फिरायचाच नाही.
समोर कोण उभं आहे ते बघून
पायलीवरची शीग तशीच पदरात ओतायचे,
वहीत मात्र पायली एवढंच लिहायचे.
गिरणीमालकाला माहीत होतं की नाही
कोण जाणे.

मशीननं फाइलचं नाव विचारलं.
मी टाकलं: बू-फलाह, श्वासासकट.
बाहेर कुणीतरी चपला काढत होतं.