अकरावं यंत्र

कुपवाडच्या शेडमध्ये, दोन लेथच्या मागं,
भूपालअण्णा चौगुल्यांची अकरा यंत्रं.
काडतुसं पुन्हा भरायची.
जेवण दिवस मावळायच्या आत,
मुंगी दिसली की पाय आखडता,
आणि छंद हा!
लोक हसतात. अण्णाही.

एक जतच्या भंगारात सापडलं,
तराजूत वजन म्हणून वापरात होतं.
एक मिरजेच्या डॉक्टरीणबाईंनी दिलं,
‘ह्यातून सरबत काही निघत नाही’ म्हणून.
चार दिवस रॉकेलमध्ये, मग तारेचा ब्रश,
मग अर्ध्या सुताचा खेळ काढायला
स्वतः कातलेला बुश.

रविवारी कारखाना बंद.
अण्णा दांडा ओढतात.
कर्र… टक.
रिकामं काडतूस आत जातं
आणि तोंड मिटून बाहेर येतं
जेवून उठलेल्या पोरासारखं.
छर्रा नाही, दारू नाही,
नुसती ती ओढ. मनगटाला कळते तेवढीच.

अकराव्यात मात्र आधीपासूनच एक आहे.
पितळ हिरवं पडलेलं.
टोपी बसलीय, दारू पडायची राहिली.
‘कुणीतरी हाक मारली असेल,’ अण्णा म्हणतात,
‘उठला असेल तसाच.’
कुठला शिकारी, कुठला जंगलवाला,
कोणत्या साली,
यंत्रावर फक्त कंपनीचं अर्धं नाव.

तेल सगळ्यांना. त्यालाही.
पण तो दांडा वरच.

मी एकदा हात घातला.
‘राहू दे,’ म्हणाले,
‘त्याचं काम आहे ते.’
आणि रविवार असून
लेथ चालू केला.