चुन्याची खूण

माझ्या जन्माच्या वर्षी दोउरूच्या उतारांवर गारा पडल्या.
एकाही कंपनीनं ते साल जाहीर केलं नाही.
गाइयातल्या सगळ्या तळघरांना ठाऊक आहे :
मी जन्मले ते साल ठेवण्याजोगं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वीचं मात्र होतं.
कोरडा सप्टेंबर, गार रात्री,
दगडी हौदात मांड्यांपर्यंत रस,
खांद्याला खांदा लावून तुडवणारी माणसं,
आणि कुणीतरी बेसूर अकॉर्डियन वाजवणारं.

बाबांनी त्या सालाच्या सहा बाटल्या घेतल्या
सायकल विकून.
चार वर्षं पूल ओलांडून पायी कामावर गेले,
तिथे दिवसभर दुसऱ्यांच्या बाटल्यांवर
चुन्याचा एकेक फराटा मारायला.
फराटा असतो ती बाजू वर.
बाटली हलवली, पुन्हा ठेवली, तरी तीच बाजू वर,
म्हणजे आतला गाळ जिथल्या तिथे राहतो.
बेल्मीरू तावारेश, फराटेवाले.
लेबलं लावणारे वेगळे, त्यांचा पगारही वेगळा.

आमच्या सहा जिन्याखाली, बटाट्यांच्या पोत्यामागे.
‘जिन्यावर धावू नकोस,’ आई म्हणायची,
‘खाली झोपलेत.’
मी लहान होते, मला ते खरंच वाटायचं.
पुढे कळलं तेव्हा रुसले :
माझ्या सालाची एक तरी घ्यायची होती!
बाबा हसले. ‘तुझं साल आम्ही ताजंच संपवलं,’ म्हणाले.

एकदा लंडनहून एक गृहस्थ आला.
बाटल्यांना हात न लावता, गुडघे टेकून, टॉर्चनं पाहिल्या,
आणि जो आकडा बोलला
त्यात आमचं गळकं छप्पर दोनदा झालं असतं.
आईनं छपराकडे पाहिलं.
बाबांनी त्याला कॉफी दिली आणि दारापर्यंत सोडलं.

आज ऑक्टोबरची नऊ तारीख.
काल सकाळपासून एक बाटली ओट्यावर उभी आहे.
बूच इतकं कुजलेलं की स्क्रूनं त्याचा भुगा होईल,
म्हणून बाबांनी चिमटा शेगडीवर लाल केला,
बाटलीच्या गळ्याला मिठी मारल्यासारखा धरला,
मग ओलं फडकं.
टक्.
काच सरळ रेषेत तुटली. हात अजून थरथरत नाहीत त्यांचे,
फक्त चमचा धरताना.

मेणबत्ती मी धरली, गळ्याच्या मागे.
लाल पाण्यासारखं उतरत गेलं, उतरत गेलं,
आणि शेवटी एक काळी शेपटी दिसली.
‘बस,’ म्हणाले. तिथे थांबायचं.

पहिला घोट मला काहीच कळला नाही.
दुसऱ्यात सुकं अंजीर, जुन्या कपाटाचा खण,
आणि खूप मागे कुठेतरी, अजून कोवळं, एक फळ.
मुरणं म्हणजे काय ते जिभेला समजलं;
गोडी तेवढीच होती, तिची घाई गेली होती.
‘दोन दिवसांत संपवायची,’ बाबा म्हणाले.
‘उघडल्यावर ती थांबत नाही.’

आईनं चीजचा तुकडा कापला, खाल्ला नाही.
‘अनिसेतू आज पंचेचाळीसचा झाला असता.’
सहज म्हणाली, मीठ मागावं तशी.

कोण?

अकरा आठवडे, ती म्हणाली. फुप्फुसं.
मी त्रेचाळीस वर्षांची आहे.
हिशेब मला बोटांवर करावा लागला :
हौदात रस चढला तेव्हा तो जन्मला,
बाटल्या भरल्या तेव्हा तो नव्हताच.
दोन हिवाळे झाले होते. पाळण्यात मी होते.
आणि तरीही बाबा सायकल घेऊन बाजारात गेले.

मी विचारलं नाही, का घेतल्या.
बाबा गाळ मलमलीतून पिळत होते,
एकेक थेंब, एका वेगळ्या छोट्या ग्लासात.
तो ग्लास त्यांनी कुणापुढेच ठेवला नाही.

रात्री पोतं मागे सारायला मी खाली गेले.
पाच उरल्यात. एकीवर धूळ झटकताना
ती किंचित फिरली माझ्या हातून.
चुना वर येईपर्यंत हळूच वळवली.
वर येताना चपला हातात घेतल्या.