मक्षिकास्थाने

ब्रिजपोर्टला, नदीकाठच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर
अकरा बायका सुपरहिरो रंगवायच्या.
रंगवायच्या म्हणजे, हाताला रंग नसायचाच,
पारदर्शक कागदावर नुसता गढूळ तांबूस लेप :
पिवळ्याचा कागद वेगळा, लालचा वेगळा, निळ्याचा वेगळा.
रंग पुढे छापखान्यात उगवायचा.
न्यूयॉर्कहून आकडे यायचे, इथे निळा शंभर टक्के, इथे लाल पंचवीस.
आकडे पाळायचे. मजुरी पानावर.

इलोना सेपेशी, वय एकोणीस, टेबल खिडकीशी.
ऑगस्ट.
'लाइटशिप', अंक चौदावा, पान सहा.
निळ्याच्या कागदावर, डाव्या गालाच्या जागी
एक माशी बसली
आणि ओल्या लेपात राहिली.
शुक्रवार होता, पाचाला दहा कमी.
तिनं चिमट्यानं सहा पाय उचलले,
बाकीची राहू दिली.

अंक आला तेव्हा हिरोच्या गालावर निळा तीळ.
पंधराव्या अंकात चित्रकारानं तो स्वतःच काढला,
त्याला वाटलं संपादकाला हवाय.
संपादकाला वाटलं, चित्रकाराला सुचलाय.
सोळाव्यापासून तो होताच.

त्याच पानावर तिनं आणखी एक केलं होतं, तेवढं मात्र मुद्दाम.
आकडा म्हणत होता : झगा निळा, नुसता निळा.
तिनं पिवळ्याच्या कागदावर पाव हिस्सा चोरून सारला,
कारण रविवारी सीसाइड पार्कच्या कठड्यावर बसून
तिनं बघितलं होतं,
समुद्र कधीच नुसता निळा नसतो.
कोणी विचारलं नाही. पगार कापला नाही.
सहा वर्षं लाइटशिप त्या हिरवट पाण्यातून उडाला
आणि मग तिचं लग्न झालं.

साठ वर्षांनी सिनेमा.
पहिल्या पोस्टरवर तीळ नव्हता.
चाळीस हजार सह्या झाल्या.
तीळ नाही तर तो आमचा नाही, असं
दाढ्या पिकलेले लोक रडवेले होऊन म्हणाले.
स्टुडिओनं माफी मागितली. दिग्दर्शकानं शपथ घेतली :
मूळ बरहुकूम.
तिळाला पूर्वकथा मिळाली, चंद्राचा तुकडा,
मरत्या वडिलांच्या मुठीतून उडालेला.
तीळ लावायला स्वतंत्र माणूस नेमला.

झगा काळा केला. काळा खरा वाटतो म्हणे.
त्यावर एकही सही नाही.

दुपारचा खेळ. मुलगा तिबोर शेजारी घोरत होता.
शेवटची नावं सरकू लागली, लोक उठले,
ती वाचत बसली, सवयीनं, चुका हुडकत.
तिळाचा माणूस सापडला : देवोन ऑकली.
एक अक्षर इकडचं तिकडे नव्हतं.

बाहेर, मक्याच्या लाह्यांच्या काउंटरपाशी
काळ्या झग्यातला एक सहा-सात वर्षांचा,
गालावर स्केचपेनचा निळा ठिपका.
उजव्या गालावर.
ती थांबली. तिबोर म्हणाला, आई, गाडी.
ती म्हणाली, एक मिनिट.
त्याच्या आईला विचारलं. यादिरा तिचं नाव, दमलेली होती, हसून हो म्हणाली.
इलोनानं अंगठा ओला केला, ठिपका पुसला.
आरशात बघून काढला होता मी, मुलगा म्हणाला.
सगळे तसाच काढतात, ती म्हणाली.

पर्समधून भुवयांची पेन्सिल निघाली.
डावा गाल. जरा खाली. ओठाच्या कोपऱ्यापासून बोटभर.
हात कापत होता, पण टेकल्यावर कापला नाही.
तुला कशी माहीत बरोबर जागा?
हलू नकोस, ती म्हणाली,
आणि ठिपक्याला, केसाएवढा,
एक पाय काढला.