साठ दिवसांची मुदतवाढ

जानेवारीत विनिपेगला बाहेर उणे चौतीस असतं,
तेव्हा आमच्या गोदामातली माणसं
ऊब घ्यायला शीतगृहात शिरतात.
तिथे उणे अठराच असतं,
शिवाय वारा नसतो.

ऑटावात मी हे सांगत नाही.
ऑटावात मी आकडे सांगते:
मटार, बटाट्याचे काप, ब्लूबेरी, किती टन,
विजेचा दर, रेल्वे अडली ते दिवस,
नव्या नियमाने दर पॅलेटमागे वाढणारे सेंट.
शीतगृहवाल्यांची बाजू मांडणं हा माझा धंदा.
दर पंधरा तारखेला सभासदांना परिपत्रक जातं,
खाली सही: ओडेट लाव्हर्डिएर.
त्यात ‘स्वागतार्ह’ हा शब्द मी मिठासारखा वापरते,
चिमटीने.

या खेपेचा मसुदा अमोनियाचा.
कलम एकोणीस, उपकलम तीन:
रात्री यंत्रघरात माणूस असलाच पाहिजे का?
आमचं म्हणणं, नको.
सेन्सर आहेत, कॅमेरे आहेत,
टोरांटोत बसून एक जण नऊ यंत्रघरं सांभाळेल.
हे म्हणणं माझंच. चौदा पानं. तळटिपांसकट.

साक्षीला नेलं एनार थोरारिन्सनला.
गिमलीचा. बाप तळ्याच्या बर्फाखाली जाळी टाकायचा,
हा एकतीस वर्षं कॉम्प्रेसरच्या आवाजात.
विमानात त्याने माझी चौदा पानं दोनदा वाचली
आणि म्हणाला,
“शुद्धलेखन चोख आहे.”
मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

समितीने सात मिनिटं दिली.
दोन मिनिटं तो कागदावरचं वाचत राहिला,
मग चष्मा काढून टेबलावर पालथा ठेवला.

“अध्यक्षबाई, आमच्या फ्रीजरच्या फरशीखाली
आम्ही नळ्यांतून गरम द्रव खेळवतो.
लोकांना खरं वाटत नाही.
पण थंडी खाली झिरपते, माती गोठते,
गोठलेली माती फुगते,
आणि एके दिवशी अख्खी फरशी उचलून धरते,
वर रचलेल्या मालासकट.
थंडी टिकवायची तर
तिच्या पायाखाली थोडी ऊब ठेवावी लागते.
रात्रपाळीचा माणूस म्हणजे तेवढंच.”

थांबला. पाणी प्यायला.
“सेन्सरला वास कळतो.
घाबरायला येत नाही त्याला.
मला येतं.
एका मार्चमध्ये मी वेळेवर घाबरलो
म्हणून सहा जण जेवायला घरी गेले.”

दुभाष्याचं फ्रेंच क्षणभर मागे होतं.
कानातलं यंत्र मी घट्ट धरलं;
माझ्या आईच्या भाषेत
ते वाक्य जरा जास्तच उघडं वाटलं.
एक खासदार फोनवरून वर बघू लागला.
बाकीची दोन मिनिटं
एनारने समितीला परत केली.

बाहेर पडताच प्रोकोपचुकचा फोन:
“म्हातारा कुणाच्या बाजूचा?”
मी म्हटलं, यंत्रघराच्या.
पलीकडे बराच वेळ काही नाही,
मग, “बिल कुणाच्या नावाने फाडू?”
एनार तेव्हा समितीचे उरलेले मफिन
रुमालात बांधत होता,
रात्रपाळीच्या पोरांसाठी.

पंधरा तारीख आली.
मी लिहिलं: उद्योगाचा प्रत्यक्ष अनुभव
समितीसमोर मांडण्यात आला.
(खोटं नाही.)
कलम एकोणीसवर सूचना पाठवण्यास
साठ दिवसांची मुदतवाढ मिळाली आहे.
ही घडामोड
इथे अडले.
चहा गार झाला, खिडकीच्या काचेवर आतून बर्फ धरला.
चिमूट सोडलीच शेवटी:
स्वागतार्ह आहे.
कुणासाठी, ते लिहिलं नाही.

त्या रात्री घरी जाताना
उगाच गाडी गोदामावरून घेतली.
काळ्या पत्र्याच्या त्या लांबलचक भिंतीत
यंत्रघराची एकच खिडकी पिवळी होती,
आत कुणीतरी रुमाल सोडत होतं.

माझ्या हिशोबात
त्या दिव्याचा खर्च वर्षाला किती, ते मला तोंडपाठ आहे.
पान नऊ, तक्ता दोन.
गाडी मी बंद केली नाही.
या थंडीत बंद केली तर
पुन्हा सुरू होत नाही.