मुद्दल

सातपूरच्या पोस्टात खिडकीशी पंखा आहे,
पण वारा आतल्या बाजूला.
मी पासबुक सरकवलं.
दहा वर्षांत त्याच्या कडा माझ्या बोटांसारख्या झाल्यात,
जरा काळ्या, जरा मऊ.

योजना नवी होती तेव्हा, यशोधरा नऊ वर्षांची.
एजंट बाई म्हणाल्या, ताई, मुलीच्या शिक्षणाला होतील,
आणि व्याज करमुक्त.
मी हसले.
कर लागावा एवढा पगार
आमच्या घरात कुणी पाहिलेला नव्हता.
पण शब्द आवडला. करमुक्त.
दोन्ही हात मोकळे झाल्यासारखा.

महिन्याला पाचशे. दिवाळीच्या बोनसातून दोन हजार.
कंपनीने घरी बसवलं त्या वर्षी फक्त अडीचशे,
खातं बंद पडू नये एवढ्यापुरते.
आठ तास मी मोटारींच्या कॉइलवर तांब्याची तार गुंडाळायचे,
वेढे मोजत,
आणि वाटायचं, हीच तार
तिकडे पोस्टातही कुणीतरी गुंडाळतंय.

कापडणीस साहेबांनी पत्र दोनदा वाचलं.
"उच्च शिक्षण म्हणजे डिग्री, मॅडम.
डिप्लोमाही चालेल. पण हे काय?
सहा आठवडे, ब्राह्मी लिपी आणि प्राकृत?
सुट्टीत शिकतात ते शिबिर."
यशोधरा म्हणाली, सर, याचे चार क्रेडिट
माझ्या बी.ए.त धरतात.
"मग तसं कॉलेजचं पत्र आणा. शिक्क्यासकट."
मी मध्येच बोलले,
साहेब, मुद्दल राहू द्या. नुसतं व्याज काढता येईल?
ते पहिल्यांदाच मान वर करून म्हणाले,
"असा रकाना नाही."

प्राचार्य गावाला गेलेले. शिक्का कपाटात, चावी त्यांच्यापाशी.
फीची शेवटची तारीख शुक्रवार.

घरी जायचं सोडून ती मला त्रिरश्मीला घेऊन गेली.
डोंगर तापलेला. पायऱ्या चढताना
गुडघे दर वळणावर हप्ता मागत होते.
बुद्धपौर्णिमेला मी येतेच इथे, लहानपणापासून.
मेणबत्ती लावते, वंदना घेते, उतरते.
भिंतीवरची अक्षरं मला
दगडावर चढणाऱ्या मुंग्या वाटायची.

ती झेरॉक्सच्या तक्त्यावरून शिकलेली.
बोट भिंतीपासून वीतभर लांब धरून,
अडखळत, बालवाडीतल्यासारखी:
"कुणीतरी तीन हजार नाणी ठेवलीत, आई,
विणकरांच्या संघाकडे. गोवर्धनच्या."
गोवर्धनला तर माझी थोरली बहीण दिलीय.
"मुद्दल मोडायचं नाही. व्याजातून भिक्खूंची चिवरं.
दोन हजारांना दर महिना शेकडा एक,
हजाराला पाऊण."
आणि व्याजाला काय म्हणतात इथे?
"वढि."
पुन्हा म्हण.
"वढि, आई. वाढ."

मी बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले.
कुठला तो ते कळत नव्हतं, म्हणून सगळ्या भिंतीकडेच.
मग म्हटलं, जा, सांग तुझ्या कापडणीस साहेबांना,
रकाना आहे.
शिक्का तेवढा नाही.

फी मी पतपेढीतून उचलून भरली.
बारा टक्क्यांनी, म्हणजे महिना शेकडा एक.
भिंतीवरचाच दर. फक्त आता देणारी मी.
कॉलेजचं पत्र मिळालं अकराव्या दिवशी,
पोस्टाचे अठ्ठावीस हजार आले नऊ जूनला,
तोवर तिचा अर्धा कोर्स झालेला.
पतपेढीचे फेडले. पासबुकात आता
पानभर जागा, आणि तळाशी जे उरलं ते
अजून करमुक्तच.

रात्री पुण्याहून फोन येतो.
एक अख्खी ओळ वाचली म्हणते, न अडखळता.
जेवलीस का?
"मेसच्या बाई हात आखडून वाढतात गं."
मी ताट घेऊन एकटीच बसलेले.
ये तू, म्हटलं.
मी वाढीन.