चुना

पहिल्याच दिवशी कॅन्टीनमध्ये मी सांगून टाकलं,
आमच्या भाषेत चुना लावणं म्हणजे फसवणं.
कुणी हसलं नाही.
विनोद राखेसारखा टेबलावर बसला
आणि कुणीतरी चहाचा कप त्यावर ठेवला.

पण त्याचसाठी तर आणलं होतं मला नॉटिंग्लीला.
चिमणीच्या अलीकडे एक मनोरा,
त्यात चुनखडीच्या पाण्याचे फवारे,
आणि खालून वर निघालेला धूर,
आपल्याला कुणी अडवेल हे ध्यानीमनी नसलेला.

गंधक तिथेच सापडतं.
मागे उरतं जिप्सम, पट्ट्यावर निथळत,
फडक्यातल्या चक्क्यासारखं.
रात्री ट्रक येतात. त्याचे तक्ते होतात,
तक्त्यांच्या भिंती, भिंतींना कुणी फिकट पिवळा रंग देतं
आणि बाळाची खाट टेकवून ठेवतं.
नॉर्वेच्या तळ्यांकडे निघालेला धूर
लीड्सच्या एका खोलीत
मुकाट उभा आहे.

सगळंच सापडतं असं नाही.
कार्बनला आमचा चुना लागत नाही.
उलट चुनखडीच पदरचा थोडा घालून
त्याला वाटेला लावते.
अहवालात हे पान चौदावर आहे.

मी पारसच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढले.
आई दोरीवरचे कपडे झटकून काढायची,
घडी घालायची, घडी मोडून पुन्हा झटकायची.
बाबा म्हणायचे, राख नाही गं ती, पगार आहे.

शेजारी मिस्टर ऑल्डरॉइड, अठ्ठावीस वर्षं बॉयलरवर.
पहाटे भिंतीपलीकडून त्यांच्या छातीचा भाता ऐकू येतो.
निवृत्तीनंतर गुलाब. अकरा झुडपं,
प्रत्येकीला नाव, बहुतेक मावश्यांची.

तिसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी दार ठोठावलं.
हातात एक पान. काळे ठिपके, कड पिवळी.
"हे तुझं काम," ते म्हणाले.
"माझ्या लहानपणी गुलाबांना हा रोग माहीत नव्हता.
धूर बुरशीला मारायचा.
आम्हालाही मारायचा, ती गोष्ट वेगळी.
आणि तो डग्डेल, पिवळ्या फुलांच्या शेताचा,
आता गंधक विकत आणतो. गोणीनं.
आम्ही फुकट देत होतो."

मला आकडे पाठ होते. नव्वद टक्के, वगैरे.
एकही तोंडातून निघेना.
म्हणाले, आमच्याकडे गोंडस बाळाच्या गालाला
काजळाचा ठिपका लावतात,
नजर लागू नये म्हणून.

त्यांनी पान उजेडात धरलं. बराच वेळ.
"बाळाचं ठीक आहे," ते म्हणाले,
"पण प्रदर्शन शनिवारी आहे."

त्या वर्षी त्यांना बक्षीस मिळालं नाही.
त्यांनी मला एक फूल दिलं, पानं खुडून.

मार्चमध्ये त्यांच्या कुंपणाच्या दगडावर
काहीतरी उगवलेलं दिसलं,
करडं, नखाएवढं, कडेनं चुण्या पडलेलं.
दगडफूल.
आमच्या मसाल्यात असतं हे, असं सांगणार होते.
कॅन्टीन आठवलं. गप्प राहिले.

वाकून नाक जवळ नेलं.
वास नव्हता.
कसलाच नव्हता.